खऱ्याची किंमत कोण मोजतं?

मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली आला आणि तो तयार झाला कोल्हापुरात. प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा', दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. त्याच्याही आधी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी आपल्या मूकपटासाठी हाच राजा निवडला होता. म्हणजे आपला पडदा हलायला लागला तो हरिश्चंद्राने आणि बोलायला लागला तोही हरिश्चंद्राने. खरेपणाचा विषय निघाला की मराठी माणसासमोर अजूनही डोंबाघरी राबणारा हा राजाच उभा राहतो. कोणी जरा जास्तच खरं बोलू लागला तर 'मोठा हरिश्चंद्र लागून गेलास' असं आपण त्याला ऐकवतो. त्यात कौतुकापेक्षा कुचेष्टा जास्त असते. त्या कुचेष्टेत थोडं शहाणपणही आहे, असं मला वाटतं.

ही गोष्ट एकदा तारामतीच्या बाजूने ऐकावी. वचन राजाने दिलं, ते पाळायचं राजाने ठरवलं. बाजारात विकली गेली राणी. साप चावून गेला तो रोहिदास. आणि पोराच्या दहनाचा कर मागायला मसणवटीत उभा राहिला तो नवराच. सत्त्वपरीक्षा राजाची होती, पेपर सोडवला बायको-मुलाने. शेवटी देव प्रसन्न होतात, मुलगा उठून बसतो, राज्य परत मिळतं आणि सत्याचा जयजयकार होतो. खरेपणावर आपण शाळेच्या फळ्यापासून कीर्तनापर्यंत जे काही ऐकत आलो, त्यात कोण खरं बोललं याची चर्चा भरपूर आहे. त्या खरेपणाचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे फारसं कोणी विचारत नाही. व्यवहारात आणि नात्यांत प्रामाणिकपणाचं मोल किती, हा प्रश्न तपासायचा तर तिथूनच सुरुवात केलेली बरी. कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही.

पन्हाळा घ्या. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघालेले. परंपरा सांगते की महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला, शत्रूच्या हाती लागला, 'मीच शिवाजी' म्हणून उभा राहिला आणि ओळख पटल्यावर मारला गेला. पन्हाळ्यावर त्याचा पुतळा आहे. तिथे सहलीला आलेल्या कुठल्याही पोराला विचारा, हा माणूस खोटं बोलला का? पोरगं तुमच्याकडेच विचित्र नजरेने बघेल. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने मात्र १७९७ साली एक निबंध लिहून ठेवला आहे की, खुनी माणूस दारात येऊन 'तुझा मित्र आत आहे का' असं विचारत असला तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. कांटसाहेबांना पन्हाळ्याच्या पायथ्याशी हा निबंध वाचून दाखवायला सांगितलं असतं, तर शाहिरांनी त्यांचा डफ वाजवून निरोप समारंभच केला असता.

पण लोक इथे नुसते भावनेच्या आहारी जाऊन बोलत नाहीत. महाभारतात धर्मराज 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो तेव्हा शब्दांच्या पातळीवर तो खोटंही बोलत नाही. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली येतो. शिवा काशीद शब्दाने सरळ खोटं बोलतो आणि त्याचा पुतळा उभा राहतो. धर्मराजाच्या अर्ध्या सत्याची किंमत द्रोणाने मोजली. काशीदने आपल्या खोट्याची किंमत स्वतः मोजली. आपली लोकनीती हा फरक कुठल्याही ग्रंथाशिवाय ओळखते.

दुर्बळाच्या खोट्याचा याहून साधा, घरगुती दाखला कागलचा आहे. आनंद यादवांचं 'झोंबी' १९८७ साली आलं, १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेतावर राबायला हात हवेत म्हणून बापाने शाळेतून काढलेलं पोर आणि त्याची आई गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जातात, बापाला समज द्यायची गळ घालतात, आणि आम्ही येऊन गेलो हे मात्र सांगू नका, असंही विनवतात. घरी आल्यावर आई नवऱ्याला सांगते, भाजी द्यायला गेले होते, सरकारांनी तुम्हाला बोलावलंय. त्या भाजीच्या थापेतून मराठीला एक लेखक मिळाला. आई खरं बोलली असती तर काय झालं असतं, हे ज्याने तो बाप वाचलाय त्याला सांगायला नको. गंमत अशी की, मोठेपणी तोच मुलगा ती थाप, तो मार, ते दारिद्र्य काही न झाकता लिहून काढतो. हातात लेखणी, डोक्यावर छप्पर आणि पाठीवर हात उगारणारं कोणी नाही, अशा जागी पोचल्यावर खरं बोलणं त्याला परवडलं. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं तेव्हा 'घरातलं बाहेर कशाला' म्हणणारे बरेच निघाले. नवऱ्याच्या थोरवीखाली राहिलेल्या बाईने संसाराचं आपलं माप मांडलं, हे अनेकांना रुचलं नाही. बाईच्या खरेपणाला आपल्याकडे जकात जास्त पडते.

मग खरं बोलणं दुर्बळालाही परवडावं म्हणून काही करता येतं का? कोल्हापूरच्या इतिहासात याचं एक लख्ख उत्तर आहे. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण त्यापुढे जाऊन गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. त्याचं नाव 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या सवर्ण मंडळींच्या हातीही कप देऊ लागले. मी अमुक जातीचा आहे आणि हा माझा चहा आहे, हे सत्य उघड्यावर मांडायची जोखीम गंगारामांची होती. राजाने ती आपल्या अंगावर घेतली. नुसत्या 'खरे बोलावे' या उपदेशाने ते हॉटेल आठ दिवससुद्धा चाललं नसतं. शहरात खोली भाड्याने शोधताना आडनाव अर्धवट सांगणारी पोरं आजही आहेत, आणि त्या थापेचा दोष मी तरी त्यांच्या पदरात घालणार नाही.

आता बाजाराकडे वळू. प्रामाणिकपणाची रोजची उलाढाल तिथेच होते, आणि इथे कोल्हापूरकराकडे सांगण्यासारखं भरपूर आहे.

गंगावेशीतला दूधकट्टा बघायला बाहेरगावची माणसं मुद्दाम येतात. म्हशी थेट रस्त्याकडेला आणून बांधलेल्या, गवळी तुमच्यासमोर धार काढतो, फेसाळ पेला हातात देतो. लोक याला पैलवानी परंपरा म्हणतात, ते खरंच आहे. पण मला त्यातली व्यवस्था जास्त आवडते. गवळी सज्जन आहे की लबाड, याची चौकशी करायची गरजच उरत नाही. म्हैस, कासंडी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये पाणी शिरायला जागाच नाही. आता हेच दूध गावातल्या संस्थेत घाला. तिथे सॅम्पल घेतलं जातं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) दाखवतं, त्या आकड्यावर दर ठरतो. म्हैस तीच, वैरण तीच, पण फॅट कधी एवढा, कधी तेवढा. आकडा खरा असेलही. मात्र तो कसा आला हे उत्पादकाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जागी संशय वस्तीला येतो. १९६३ साली स्थापन झालेल्या 'गोकुळ'सारख्या जिल्हा संघाचा पसारा गावोगावच्या अशाच संस्थांवर उभा आहे. सहकाराची सगळी मदार अखेर त्या छोट्या बाटलीतल्या सॅम्पलवर येऊन ठेपते.

दुधाचं जे, तेच उसाचं, फक्त आकडे मोठे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती. म्हणजे टनाला ३,४०० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ट्रॉलीमागे एक टन जरी काट्यावर कमी लागला तरी शेतकऱ्याचं नुकसान किती, हे शिरोळ-हातकणंगल्यातलं शाळकरी पोरगंही तोंडी सांगतं. काटामारीचा आरोप स्वाभिमानी शेतकरी संघटना वर्षानुवर्षं करते आहे. कारखाने तो नाकारतात. वैधमापन खात्याची भरारी पथकं येतात, तपासतात, जातात. खरं-खोटं त्या त्या काट्याचं. पण या भांडणात कोणीच 'कारखानदारांनो, प्रामाणिक व्हा' असं म्हणत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मागणी असते ती काट्याचा आकडा बाहेर मोठ्या अक्षरात दिसावा, आणि बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस नाकारू नये. मापात पाप होऊ नये यासाठी संतवचनापेक्षा मापच उघड्यावर आणावं, हे शेतकऱ्याला कळून चुकलं आहे.

गुळाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे खोट्याला एक तिसरा भागीदार आहे, आणि तो म्हणजे आपण, गिऱ्हाईक. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेने हा गूळ देशभर नेला, आणि गुजरात ही त्याची मोठी बाजारपेठ. तिथे आणि आता इथेही गूळ पिवळाधमक पाहिजे. उसाचा रस काहिलीत आटवून, रानभेंडीच्या चिकाने मळी काढून गुळव्याने केलेला गूळ तांबूस, कधी काळपट निघतो. तो रंग घेऊन सौद्यात गेलेल्या शेतकऱ्याला दर कमी मिळतो. मग रंग उजळायला हायड्रॉस पावडर येते, वजनाला आणि कडकपणाला साखर येते, शेजारच्या राज्यातला गूळ कोल्हापुरी म्हणून खोक्यात भरला जातो. अन्न व औषध प्रशासन छापे घालतं, तेही योग्यच. पण काळपट गूळ प्रामाणिक आणि पिवळा गूळ महाग, असा बाजार आपणच मांडून ठेवल्यावर गुऱ्हाळवाल्याला एकट्याला फाशी देण्यात काय अर्थ? खरं दिसतं तसं विकत घ्यायची आपली तयारी नाही. हीच सवय आपण घरातही नेतो.

चपलांचं प्रकरण ताजं आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरी चपलांसारखेच सँडल दाखवले आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथे संताप उसळला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं, माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या 'लिडकॉम' आणि कर्नाटकच्या 'लिडकर' या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. न बोलणं हेही खोटं असू शकतं, हे कोल्हापूरने जगाला ठणकावून सांगितलं, त्याचा अभिमानच आहे. आता थोडं घरचं बोलू. २०१९ साली मिळालेलं या चपलेचं मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे. अथणी-निपाणीकडच्या कारागिरांच्या हातचे कितीतरी जोड 'कोल्हापुरी' म्हणून कोल्हापुरात विकले जातात, त्यांचं नाव आपण तरी किती वेळा घेतो? आणि रेक्झिनचं सोल लावून 'ओरिजिनल लेदर, ताई' म्हणणारं दुकान शोधायला मिलानला जावं लागत नाही.

कुस्तीवर फार लिहीत नाही, कारण कोल्हापुरात त्यावर सगळेच लिहितात. एवढंच, की १९१२ साली खुल्या झालेल्या खासबाग मैदानाची रचनाच अशी आहे की कुठूनही बसा, आखाडा दिसतो. पाठ टेकली की नाही याचा निकाल हजारो डोळ्यांसमोर लागतो. इथल्या शौकिनाला निकाली कुस्ती हवी असते आणि नुरा कुस्तीचा वास आला की मैदान आरडाओरड्याने डोक्यावर घेतलं जातं. तोच शौकीन निवडणुकीच्या नुरा कुस्त्या पाच पाच वर्षं मुकाट बघतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

निवडणुकीवरून शपथ आठवली. आपल्या मुलखात बेलभंडारा उचलणं ही फार जड गोष्ट. भावकीतल्या बांधाच्या भांडणापासून चोरीच्या आळापर्यंत, 'उचल भंडारा' म्हटलं की भला माणूस गप्प होतो. हीच शपथ आता मतदाराला पाकीट दिल्यावर घ्यायला लावतात, अशा तक्रारी दर निवडणुकीला ऐकू येतात. सहकारातल्या निवडणुका असल्या तर ठरावधारक मतदारांना सहलीला नेऊन ठेवतात, ते वेगळंच. पैसे वाटणाऱ्याच्या अप्रामाणिकपणाला घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचं कुलूप लावायची ही युक्ती आहे. पाकीट घेतलं, भंडारा उचलला आणि मत दुसऱ्यालाच दिलं, तो माणूस बेइमान की मतदार म्हणून इमानी? गावात यावर दोन तट पडतात. म्हातारी माणसं म्हणतात, देवाला मध्ये आणलंस तर पाळ. माझं मत दुसऱ्या तटाचं आहे. ज्याने देवाला मध्ये आणायला भाग पाडलं, हिशोब त्याचा आधी व्हावा.

या सगळ्याचा शास्त्रीय अभ्यास जगात बराच झाला आहे आणि त्यातलं काही आपल्या कामाचं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बेला डिपॉलो यांनी १९९६ साली लोकांना रोजच्या खोट्यांची डायरी लिहायला लावली. कॉलेजातल्या मुलांचं खोटं दिवसाला सरासरी दोन, इतरांचं एक. त्यातलं बरंचसं किरकोळ, समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोललेलं. जवळच्या माणसांशी लोक रोजच्या बोलण्यात कमी खोटं बोलतात, असंही दिसलं. पण पुढे त्यांनीच गंभीर खोट्यांचा अभ्यास केला तेव्हा चित्र उलटलं: मोठी, नातं हादरवणारी खोटी बहुतेक करून सगळ्यात जवळच्या माणसांनाच सांगितलेली होती. आपल्या मनाला हे पटायला जड जाऊ नये. परक्यापासून लपवायला आपल्याकडे असतं तरी काय?

दुसरा प्रयोग पाकिटांचा. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला. भारतासह ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून अधिक 'हरवलेली' पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या यांच्या खिडक्यांवर देऊन पाहिली. रिकामी पाकिटं सुमारे ४० टक्के परत आली, पैसे असलेली ५१ टक्के. पैसे जास्त तर परतीचं प्रमाणही जास्त. अर्थतज्ज्ञांचाही अंदाज चुकला. कोल्हापूरच्या दैनिकांत 'प्रामाणिक रिक्षाचालकाने दागिन्यांची पिशवी केली परत' ही बातमी सातत्याने येते, त्यामागचं गणित हेच असावं. पाचशेची नोट ठेवून घेणाऱ्याला स्वतःला चोर म्हणावं लागत नाही. दहा तोळे ठेवून घेतले तर आरशात बघणं अवघड होतं. आणि प्रामाणिकपणाच्या शास्त्राची एक फजितीही इथे नोंदवायलाच हवी. फॉर्मच्या तळाऐवजी डोक्यावर सही घेतली तर लोक खरी माहिती भरतात, असं सांगणारा २०१२ सालचा शोधनिबंध जगभर गाजला, सरकारांनीही तो मनावर घेतला. २०२१ साली तो मागे घ्यावा लागला, कारण त्यातली आकडेवारीच बनावट निघाली.

आता उंबरा ओलांडून आत येऊ. बाजाराला काटा आहे, आखाड्याला प्रेक्षक आहेत. घराला यातलं काहीच नाही.

लग्न जमवण्यापासूनच बघा. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळेना झाल्यापासून बायोडेटा हा साहित्यप्रकार भलताच बहरला आहे. भावकीचा सामाईक सातबारा एकट्या नवऱ्यामुलाच्या नावावर चढतो, हप्ते चालू असलेला पुण्यातला फ्लॅट 'स्वतःचा' होतो, कंत्राटी नोकरी 'कंपनीत' होते. मुलीकडचेही मागे नसतात. वय, चष्मा, मोडलेलं पहिलं जमणं, सगळं पावडर लावून येतं. हल्ली मुलीचा मामा चहा पिता पिता मोबाइलवर सातबारा काढून बघतो, त्यामुळे जमिनीपुरता खरेपणा वाढला आहे. स्वभावाचा सातबारा ऑनलाइन झालेला नाही.

यापेक्षा वेगळं काही आपल्याच इतिहासात घडून गेलं आहे. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, न समजणारे मंत्र नाहीत. वधू-वरांनी चार लोकांसमोर, कळणाऱ्या भाषेत एकमेकांना वचनं द्यायची. १९११ पासून कोल्हापुरात समाजाचं काम पुन्हा जोमाने उभं राहिलं आणि शाहूंच्या पाठबळावर असे विधी इथे होऊ लागले. यात बाईने फक्त वचन देणं नाही, मागणंही आहे. नात्यातला खरेपणा दोघांना सारख्या दराने पडावा, ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वी मराठीत मांडली गेली आणि आपण लग्नात डीजे लावून तिचा आवाज बुडवला.

दर सारखा नसला की काय होतं ते 'मी बाबा तोंडावर बोलतो' या वर्गात दिसतं. कोल्हापूरला रांगड्या, सडेतोड बोलण्याचा अभिमान आहे आणि पोटात एक ओठात एक असण्यापेक्षा ते मलाही बरं वाटतं. पण हे सडेतोड बोलणं कोणत्या दिशेने वाहतं ते पाहा. सासू सुनेला 'आमटी पाणचट झालीया' म्हणते तो स्पष्टवक्तेपणा. सून तेच सासूला म्हणाली तर ती तोंडाळ. साहेब शिपायाला, मोठा भाऊ धाकट्याला, मास्तर पोराला मनातलं खुशाल सांगतात. उलट दिशेने आलेलं खरं मात्र उर्मटपणा ठरतं. वरून खाली सांगितलेल्या सत्याला कसलंच धैर्य लागत नाही.

आजारपणात हा सगळा गुंता सगळ्यात दाट होतो, म्हणून तिथे जरा थांबतो. रिपोर्ट येतो, डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात, आणि थोरला मुलगा हात जोडतो: "आबास्नी काय सांगू नगा डॉक्टर, साधी गाठ हाय म्हना." हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कर्करोगाच्या ओपीडीत, बोली बदलून, ऐकायला मिळतं. त्यामागे माया असते यात शंका नाही. म्हाताऱ्याने हाय खाऊ नये, उरलेले दिवस हसतखेळत जावेत. पण आबा काही आंधळे नसतात. केमोच्या वॉर्डात केस गेलेली माणसं शेजारी बसलेली, मुंबईची लेक अचानक महिनाभर राहायला आलेली, कधी न बोलणारा भाऊ फळं घेऊन आलेला. दोन आठवड्यांत त्यांना सगळं कळतं, आणि मग तेच सुनेला हळूच सांगतात, "पोरास्नी म्हनू नगंस, मला कळलंय म्हनून." आता घरात दोन्ही बाजूंनी नाटक. ज्याच्याविषयी सगळं चाललं आहे तो एकटाच आपल्या मरणाविषयी कोणाशी बोलू शकत नाही. शेताची वाटणी, राहिलेली उसनवारी, धाकट्याशी धरलेला अबोला, सगळं तसंच राहतं. मायेपोटी बोललेल्या खोट्याचं बिल अशा वेळी आबांच्या नावावर फाटतं.

डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारनियमांत म्हटलं आहे की, आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये; रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना हिताची तेवढी माहिती मिळेल असं पाहावं. त्यातल्या 'किंवा' या फटीतून आबा बाहेर राहतात. यावर 'सगळं सांगून टाका' हाही इलाज नव्हे. राऊंड संपवायच्या घाईत, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून 'चौथी स्टेज आहे' म्हणणारा डॉक्टर खरं बोलतो आणि निघून जातो. ते खरं घेऊन रात्र काढायची असते ती आबांना. अनुभवी डॉक्टर आधी विचारतात, "आबा, तुम्हाला किती ऐकायचंय? की पोरांशीच बोलू?" निवड आबांची. काही आबा म्हणतात, पोरांशीच बोला. तेही ठीक. ते आता ठरवून ऐकत नाहीत, आणि त्यांना फसवलेलंही नाही.

राहिली मुलं, जी सगळ्यात दुर्बळ आणि ज्यांना खरं बोलायचा उपदेश सगळ्यात जास्त. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतली लहान मुलं तपासली. एका शाळेत चुकीला छडी, चापट हा रोजचा परिपाठ. दुसरीत समज देण्यावर भागायचं. पाठीमागे ठेवलेलं खेळणं चोरून बघितलंस का, असं विचारल्यावर छडीच्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली. शिवाय ती खोटं निभावण्यातही दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा तरबेज निघाली. आपल्या घरात बाप फोनवर 'निघालोय, रस्त्यातच आहे' असं पलंगावर लोळत सांगतो, आणि त्याच संध्याकाळी पोराला गणितातल्या गुणांवरून 'खरं सांग, मारणार नाही' म्हणून खरं काढून घेतो आणि मग मारतो. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली. घराला ते कलम लागू नाही, आणि प्रगतिपुस्तकावर बापाची सही हुबेहूब गिरवणारी पोरं कागलपासून कोथरूडपर्यंत सगळ्या वर्गांत आहेत.